तिनईघाटच्या वळणावरचा हॉर्न

गाडीच्या पूजेला चारी चाकांपुढे लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि मी अर्ध्या रामनगरसमोर ऐटीत रिव्हर्स गिअर टाकला. लिंबं अख्खीच राहिली. मागे ठेवलेलं आरतीचं ताट तेवढं चपटं झालं.

"लिंबं फुटली न्हाईत, म्हंजे दृष्ट निघाली न्हाई," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको.

मी हसलो. माझ्यासारख्या किराणा दुकानदाराला दिसणारं एकच भूत — सेल्स टॅक्सवाला — एवढंच मी आजवर मानत आलो होतो.

गोष्ट नव्वदनंतरची. बेळगावच्या एका शोरूममधून तांबडी गाडी घेतली होती. कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. आमची सुमन गोव्यात फोंड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला घाटातून बसनं आणायचं नाही, असं हिनं ठरवलेलं.

आमच्याकडे वाटेत देवस्थान आलं की हॉर्न वाजवून पुढे जायची रीत. मीही वाजवतो, नमस्कारासाठी स्टेअरिंगवरचा हात सोडावा लागत नाही. पण घाटरस्ता बघून यायला मारलेल्या पहिल्याच फेरीला तिनईघाटच्या पुढे एका वळणावर — देऊळ नाही, घुमटी नाही, शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही — हॉर्न आपोआप वाजला. लांबलचक. वळण सरलं तसा थांबला.

"अहो, हितं कुठला देव?" हिनं विचारलं.

"मी न्हाई वाजवला."

येताना पुन्हा तेच. बाकी कुठेही नाही, फक्त तिथे...

रामनगरच्या मेस्त्रीनं सगळं तपासलं, काही सापडलं नाही. शेवटी मी वायरच सोडवायला लावली. टोकांना टेप गुंडाळली. बटण दाबून पाहिलं — आवाज नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हिला शेजारी बसवून त्या वळणावर गेलो. दोन्ही हात स्टेअरिंगवर.

हॉर्न वाजला. बोंब मारल्यासारखा.

मी गाडी थांबवली... खरं तर घाबरून क्लच सोडला, ती बंद पडली. उतारावर एक म्हातारी म्हशी चारत होती. कान देऊन उभी राहिली होती.

"मावशी, इथं काय हाय हो?"

"काय न्हाई बाबा. पावसाच्या आदी नव्या गाड्यांचा ट्रक उलटला हुता हितं. त्यातली एक तांबडी खाली झाडाला अडकली. तिचा हारन रातभर वाजत हुता, बंदच व्हईना. आमच्या वाडीत कुणाला झोप न्हाई." मग तिनं आमच्या गाडीकडं पाहिलं. "आवाज ह्योच."

घरी आल्यावर ही म्हणाली, "लेकीला ह्या गाडीतनं आणायची का न्हाई, ते मागनं. आदी काय मोडलं हुतं ते कळाय पायजे. उद्या बेळगाव."

शोरूमचा मॅनेजर तसा सज्जन. कॉफी मागवली. "साहेब, गाडी नवीच हो! वाटेत थोडं लागलं असेल, आमच्याकडे नीट केलं असेल. ते सांगत बसलं तर गिऱ्हाइकाच्या मनात उगीच शंका."

"शंका माझी," मी म्हणालो, "ती धरायची की सोडायची ते मी बघतो. मोडलं काय होतं?"

"सगळं नीट केलंय."

"नीट केलंय, तर सांगायला काय हुतंय?" ही म्हणाली.

मग हिनं दारातल्या बाकावर बसकण मारली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागली, "तुमची ट्रकावरनं पडलेली न्हाई न्हवं? ईचारलासा काय?" मीही शेजारी बसलो. डब्यात भाकरी होती, आणि उत्तराशिवाय माघारी जायचं नव्हतं.

"बाई, असं किती वेळ बसणार?" मॅनेजर काकुळतीला आला.

"लेक बाळंत हुईस्तवर. हे बघा, माझा डावा हात ल्हानपणी मोडला हुता. हे मला बघायला आल्ते, तवा आमच्या बाबांनी चहाच्या आदी ते सांगितलं. तरी केलंच की ह्यांनी लग्न! ह्यांच्या घोरण्याचं मात्र कुणी बोललं न्हाई."

गिऱ्हाइकं खो खो हसली. मॅनेजरही हसला, आणि हसता हसता थांबला.

"पडली होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "डावीकडची दारं, बंपर... आणि स्टेअरिंगचा एक रॉड वाकला होता. ठोकून सरळ केलाय."

ठोकून सरळ! त्या रॉडवर भरवसा ठेवून मी पोटुशी लेक घाटातून आणणार होतो. नवा रॉड त्याच दिवशी, तिथेच उभं राहून बसवून घेतला.

मग सुमनला आणायला निघालो. वळण जवळ आलं तसा मी वेग कमी केला. वळण आलं... गेलं. काहीच नाही. येताना सुमन मागे निवांत झोपलेली, तेव्हाही नाही. पुढे मेस्त्रीनं वायर परत जोडली, तरी तिथे तो हॉर्न आपोआप कधीच वाजला नाही.

रॉडचं काहीतरी असेल, असं जावई म्हणतात. असेल. पण वायर सोडवलेला हॉर्न वाजला कसा? मेस्त्रीला विचारलं की तो विषय बदलतो. मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी वळण मागे पडल्यावर मी हळूच म्हणालो, "गप्प झाली बघ. आता खरी नवी वाटत्या."

"नवी न्हवं," ही म्हणाली. "पडून उठलेली. उद्या कुणाला इकायची झाली तर आदी हे सांगायचं. मग चहा."