नालोंगोच्या फोनवरून रेडिओवर कोण बोललं

कंपालाच्या कियेंबे गल्लीतल्या ओसरीवर माझी बटणांची टोपली आणि नाब्बोसाचं शिवणयंत्र गेली अकरा वर्षं एकमेकांना खेटून आहेत. तिला नाब्बोसा म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळे नालोंगो म्हणतात, जुळ्यांची आई. जुळे आता दाढी करतात आणि आईला बघितलं की रस्ता ओलांडतात, कारण ती चारचौघांत त्यांना बनियन घातलंय का विचारते.

रोज सकाळी नऊला तिच्या रेडिओवर ‘कंपाला काय म्हणते’ लागायचं. निवेदक सेंकुंबा शहराच्या बातम्या वाचायचा, मग लोकांचे फोन घ्यायचा. पहिला फोन नालोंगोचा ठरलेला. कंपालात माणूस कशाकशानं मरू शकतो, याचा तिचा अभ्यास दांडगा होता. फणसाच्या झाडाखाली थांबू नका. गटाराचं झाकण दिसलं तरी त्याच्यावर पाय देऊ नका, रात्री खरं चोरीला जातं आणि सकाळी कुणीतरी पुठ्ठ्याचं बसवतं. बोडावाल्याचं, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याचं, हेल्मेट घालू नका, त्यात आधी किती डोकी शिजली देव जाणे. ती स्वतः बोडावर बसताना घरचं पातेलं डोक्यावर बांधायची, आतून छान गोधडी शिवलेलं, आणि तेही रेडिओवर सांगायची.

तिच्यानंतरचा फोन वालुसिंबी मास्तरांचा. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा. ते खाकरायचे आणि म्हणायचे, “आधीच्या न्याबोंनी जे सांगितलं, त्याला शास्त्रीय आधार नाही.” न्याबो म्हणजे बाईसाहेब.

“हा म्हातारा फणस पडूनच जाणार,” नालोंगो यंत्र थांबवून म्हणायची. “नाक्येयुने, लिहून ठेव.”

मी लिहून ठेवत नसे.

त्या मंगळवारी विषय होता कालोलींचा. आमच्याकडे हे टक्कल पडलेले करकोचे माणसाच्या छातीपर्यंत उंच असतात, झाडांवर राहतात, कचऱ्यावर जेवतात आणि खालून जाणाऱ्यांवर प्रसाद टाकतात. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झाडांवरची त्यांची घरटी हटवावीत का, यावर लोकांना बोलायचं होतं. नालोंगोनं सकाळपासून घसा साफ केला होता.

पण आदल्याच दिवशी तिनं श्रोत्यांना एक युक्ती सांगितली होती. फोन पळवणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय ना? मग फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि धुरावलेल्या माशाच्या पिशवीत टाका. “माशात हात घालायला चोराची आई काय त्याला साबण देणारे?” असं ती म्हणाली होती. बोलल्याप्रमाणे वागणारी बाई. त्या दिवशी तिनं रेडिओला फोन लावला, “थांबा, तुमचा नंबर लागेल,” असं ऐकलं, स्पीकर सुरू केला आणि फोन पिशवीत माशाच्या शेजारी ठेवला. मग एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घ्यायला वाकली.

मी कालोलीला येताना पाहिलं. अर्ज घेऊन कचेरीत आलेल्या माणसासारखा तो एकेक पाऊल टाकत आला. मला वाटलं, चिंध्या बघतोय. त्यानं टेबलावर मान लांब केली, पिशवी उचलली आणि पंख पसरून समोरच्या पत्र्याच्या छपरावर जाऊन बसला.

“नाब्बोसा! तुझा मासा!”

“जाऊ दे, दुसरा आणू,” ती माप न सोडता म्हणाली. मग टेप सोडून ताठ उभी राहिली. “अगं, माझा फोन!”

नेमकं तेव्हाच रेडिओतून सेंकुंबा म्हणाला, “आणि लाइनवर आहेत आपल्या सगळ्यांच्या लाडक्या नालोंगो! बोला नालोंगो, कालोलींचं काय करायचं?”

रेडिओतून पिशवी फाटल्याचा आवाज आला. मग टक्, टक्, टक्. मग कुणीतरी काहीतरी मोठं गिळल्याचा आवाज.

“नालोंगो, नाश्ता चाललाय का?”

टक्.

“श्रोतेहो, लाइन जरा खराब आहे. दुसऱ्या लाइनवर वालुसिंबी मास्तर आहेत.”

मास्तर खाकरले. “न्याबो आज पहिल्यांदाच मुद्द्याला धरून बोलल्या.”

सगळी गल्ली हसली. गिऱ्हाईकही हसलं, कमरेची टेप तशीच धरून. नालोंगो रस्त्यात उतरली आणि छपराकडे बघून ओरडली, “अरे टकल्या! मासा खा, पण फोन ठेव! मेल्या चोरा!”

हे सगळं छपरावरच्या फोननं ऐकलं आणि रेडिओवरून आम्हाला परत ऐकवलं. सेंकुंबाचा आवाजच बदलला. “श्रोतेहो, कियेंबे गल्लीत नालोंगोंवर चोरानं हल्ला केलाय! चोर टकला आहे. जवळ कोणी असेल तर धावा!”

लोक धावले. बोडावाले आले, केळी विकणाऱ्या बाया आल्या. तीन टकली माणसं आपापल्या कामानं निघाली होती, त्यांनी घाईघाईनं टोप्या घातल्या. पाठीमागच्या गल्लीतल्या न्हाव्याकडून एक उंच म्हातारा पळत आला. अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं तसंच, गळ्यात न्हाव्याचं पांढरं फडकं, हातात काठी आणि कानाला फोन.

“कुठंय चोर?” त्यानं विचारलं. नालोंगोनं वर बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ वर बघितलं. मग खाकरला. “शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं, तर हा हल्ला म्हणता येणार नाही.”

नालोंगो गर्रकन वळली. “तुम्ही! तुम्हीच ते मास्तर!”

“आणि तुम्ही पातेलंवाल्या.”

“माझ्या पातेल्याला नावं ठेवता? स्वतःचं डोकं बघा आधी, अर्धं पीक काढून पळालात!”

“तुम्हाला वाचवायला पळालो, न्याबो! आणि फोन माशात ठेवायचा सल्ला कुणाचा होता?”

“चोरांसाठी होता तो! पक्ष्यांसाठी वेगळा सल्ला आहे, तो मी आज देणार होते!”

हे भांडण सात-आठ मिनिटं चाललं. मास्तरांचा फोनही चालू होता, त्यामुळे शहराला ते खालून आणि वरून, दोन्हीकडून ऐकू गेलं. शेवटी कालोलीला कंटाळा आला असावा. त्यानं फोन एकदा चोचीत धरला, चव घेतली आणि टाकून उडाला. फोन पत्र्यावरून घरंगळत निघाला. मास्तरांनी गळ्यातलं फडकं दोन्ही हातांनी पसरलं आणि फोन त्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तो फोन उचलून कानाला लावला. “हॅलो, घरट्यांबाबत माझं मत असं आहे की...”

नालोंगोनं तो हिसकावून घेतला, पण तोवर साडेनऊच्या बातम्या सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं की कियेंबे गल्लीत कालोलीनं रेडिओला फोन लावला. नालोंगोनं ते पाहिलं आणि पेपर घडी करून ठेवला. त्या दिवशी तिनं फोन केला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नऊ वाजता रेडिओचा आवाज कमी करून ती शर्टाच्या कॉलरी शिवत बसायची.

“लोक हसतात मला,” ती एवढंच म्हणाली.

“आधीही हसायचेच की,” मी म्हटलं. हे सांत्वन तिला फारसं आवडलं नाही.

शुक्रवारी सेंकुंबानं नेहमीप्रमाणे लाइन उघडली. पहिला फोन एका बोडावाल्याचा होता. “सेबो, नालोंगो कुठं आहेत? दोन दिवस झाले, कोणतं झाकण गेलंय काही कळेना. काल माझं पुढचं चाक गटारात गेलं.” मग एका शाळेच्या स्वयंपाकिणीनं विचारलं, फणसाच्या झाडाखाली चूल मांडली तर चालेल का. मग मास्तर आले. खाकरले.

“नालोंगो आजारी आहेत का, कुणाला माहीत आहे का?” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. शास्त्राचं नावही घेतलं नाही.

नालोंगोनं पाय यंत्रावरून काढला. नाक पुसलं. मग फोन लावला. त्याला अजून माशाचा वास येत होता, म्हणून कानापासून वीतभर लांब धरला आणि त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त ओरडली. झाकणं चार गेली होती, चौथं मशिदीच्या वळणावर. स्वयंपाकिणीला तिनं झाडापासून तीस पावलं मोजायला लावली.

अर्ध्या तासानं मास्तर स्वतः ओसरीवर आले, डोकं आता पूर्ण भादरलेलं. पँट शिवायची होती म्हणाले. कापड आणायला विसरले होते. नालोंगोनं त्यांना स्टूल दिलं आणि माप घेता घेता सांगितलं की त्यांचा डावा पाय आखूड आहे, म्हणून त्यांची मतं तिरकी पडतात. मास्तर म्हणाले, याला काहीही आधार नाही.

तेव्हापासून ते रोज पेपर घेऊन येतात. पँट अजून झालेली नाही. दोघं एकाच फोनवरून बोलतात, सेंकुंबाला कोण काय म्हणालं ते कळत नाही, आणि मला बटणं मोजता येत नाहीत.