दहा बियांचं पाकीट

गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देणाऱ्या काकांचं दुकान होतं. काका बोलायला गोड, स्वभावाने शांत. तेहतीस वर्षांच्या संसारात आपण कधी कुणावर जळलो नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांची ही ऐट टोमॅटोंनी उतरवली.

काकू औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्या आणि घरामागच्या परसात शिरल्या त्या तिथल्याच झाल्या. परस ते केवढं? दोन खाटा टाकल्या तर तिसऱ्या माणसाने उभं कुठे राहायचं हा प्रश्न. तेवढ्यात काकूंनी रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या मांडून टोमॅटोच्या सव्वीस जाती लावल्या. काळपट जांभळा, पट्टेरी हिरवा, पिकला तरी पांढुरकाच राहणारा, द्राक्षांसारखा घोसाने लोंबणारा. प्रत्येक डब्यात लाकडी पट्टी, आणि तिच्यावर औषधाच्या पुडीवर लिहावं तसं बारीक अक्षरात नाव. रोज सकाळी पानांच्या बगलेतली नको ती फूट खुडायची, वाढलेला शेंडा काठीला बांधायचा. काकांना याचं कौतुकच होतं. पोटात दुखायला लागलं ते मास्तर आल्यापासून.

मास्तर म्हणजे दूरच्या गावचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर. बागकामाच्या एका मासिकात काकूंनी बियांच्या देवाणघेवाणीसाठी चार ओळी छापल्या, त्यांना या गृहस्थांचं उत्तर आलं. पाकिटात बी, आणि पाकिटावर त्याच जातीच्या टोमॅटोचं रंगवलेलं चित्र. देठाजवळची बारीक भेगसुद्धा हुबेहूब. त्यानंतर महिन्याला दोन पाकिटं ठरलेली.

जेवताना काकू पत्रं वाचून दाखवायच्या. "मास्तर म्हणतात, पाणी पानांवर पडू देऊ नका. मास्तर म्हणतात, बी दोन दिवस पाण्यात आंबवून मगच धुवा."

"मास्तरांना घरी काही काम नाही वाटतं," काका म्हणाले. "टोमॅटो तो टोमॅटो. त्यात एवढं लिहायचं काय?"

"आणि कुलूप ते कुलूप, असंच ना?"

दुसऱ्या दिवशी काका बाजारात जाऊन टोमॅटोच्या बियांचं चकचकीत छापील पाकीट घेऊन आले. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हायब्रीड आहे हो. याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही." पण त्यांनी ते लावलं. कोपऱ्यात, नळाच्या मागे. काकांच्या नजरेतून ती जागा सुटली नाही.

एकदा काकू दवाखान्यात गेल्या होत्या. घराला कुलूप पाहून पोस्टमनने पाकीट दुकानात आणून दिलं. त्यावर हृदयाच्या आकाराचा, गुलाबी टोमॅटो रंगवलेला, आणि खाली एक ओळ: 'हे सर्वांत आधी तुम्हालाच.'

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्हालाच म्हणजे काय? त्यातून हृदयाच्या आकाराचा! संध्याकाळी देऊ, असं म्हणून त्यांनी पाकीट मोडक्या किल्ल्यांच्या खणात टाकलं. संध्याकाळी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी द्यावं तर काल का नाही दिलं, हा प्रश्न आला. आठवडा गेल्यावर तर ते देणं अशक्यच झालं.

इकडे काकूंनी, मास्तरांनी आधीच्या पत्रात कबूल केलेल्या त्या जातीसाठी एक बादली माती भरून रिकामी ठेवली होती. पट्टीसुद्धा लिहून तयार. शेवटी त्यांनी मास्तरांना विचारलं. उत्तर आलं ते बिनचित्राच्या पाकिटात. गारपिटीत मास्तरांची सगळी झाडं झोपली होती. त्या जातीच्या दहाच बिया उरल्या होत्या, त्या त्यांनी काकूंकडे पाठवल्या होत्या. तुमच्याकडे तरी जगतील म्हणून.

काकूंना जेवण गेलं नाही. सकाळी त्या तडक पोस्टात गेल्या आणि तक्रार लिहून आल्या.

दुपारी पोस्टमन दुकानात हजर. त्याच वेळी काकू काकांचा डबा घेऊन आलेल्या.

"काका, बारा वर्षांच्या नोकरीत माझ्यावर पहिल्यांदा तक्रार आलीय," तो म्हणाला. "ते चित्राचं पाकीट मी तुमच्याच हातात दिलं होतं ना?"

काकांनी मान खाली घातली. खण उघडला. किल्ल्यांच्या ढिगातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

काकूंनी आधी पोस्टमनची माफी मागितली. तो गेल्यावर विचारलं, "फोडलंत?"

"नाही."

"मग ठेवलंत कशाला?"

"तू त्याचं पत्र वाचताना हसतेस," काका म्हणाले. "माझ्याशी बोलताना इतकं हसत नाहीस."

काकूंनी हातातला डबा काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही शेवटचं कधी मला काही विचारलंत? मास्तर प्रत्येक झाडाचं विचारतात." आणि जाताना, "पोस्टातली तक्रार मी मागे घेते. मास्तरांना मात्र तुम्ही लिहायचं. खरं ते."

काकांनी चार ओळींसाठी सहा कागद फाडले. बिया उशिरा पडल्या. दहातल्या तीन उगवल्या, त्यातल्या दोन उन्हाने गेल्या. उरलेल्या रोपाची फुलं गळत राहिली आणि सगळं मिळून एकच फळ धरलं. ते पिकल्यावर काकूंनी बी काढून घेतलं आणि उरलेलं मीठ लावून काकांपुढे ठेवलं. काकांनी फोड तोंडात घातली. इतका गोड टोमॅटो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता, आणि याचाच त्यांना जास्त राग आला.

मास्तरांनी पत्राचं उत्तर काकांच्याच नावाने पाठवलं. काकांनी ते तीनदा वाचलं. पांढरी माशी, शेणखत, दुखरा गुडघा. चौथ्यांदा ओळींच्या मधलंही वाचून पाहिलं. काही सापडलं नाही.

पुढच्या हंगामात काकांनी दुकानात तार वळून झाडांच्या आधारासाठी गोल जाळ्या बनवल्या, प्रत्येक डब्याला एक. एकदा काकू मास्तरांना लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या, "यंदा आधाराच्या जाळ्या आमच्या यांनी करून दिल्या."

"परत वाच," काका म्हणाले.

काकूंनी वाचलं.

"मास्तरांना येतात का अशा करायला?"

"मला काय ठाऊक?"

"मग विचार की," काका म्हणाले. "लिही, विचार त्यांना."