आधी डबा वाजवायचा

फोन आला तेव्हा मी भिगवणच्या चौकात मासे घेत होते. "बाई, तात्या गेले… पहाटं," एवढंच बोलून संगीता रडायला लागली. संगीता ही सोपानतात्यांची लेक. शेवटचे आठ महिने तात्या तिच्याकडेच होते आणि तिचं घर त्या चौकापासून चालत पाच मिनिटांवर. करमाळ्याला बहिणीकडे जाता-येता मी तिथे किती वेळा थांबले असेन! मासे घ्यायला थांबले, चहाला थांबले, एकदा तर नुसती चाकातली हवा बघायला थांबले. तात्यांकडे जायचं मात्र दर खेपेला 'पुढच्या वेळी नक्की'वर गेलं. आणि दर खेपेला गाडीच्या डिकीत, पोत्यात गुंडाळलेला त्यांचा कोयता होता. तो परत करायचा होता आणि त्यांची माफी मागायची होती. रस्त्यात खड्डा आला की तो मागे खणकन वाजायचा, आणि मी रेडिओचा आवाज वाढवायचे.

माझा स्वभावच घाईचा. बारामतीच्या शाळेत तास संपायच्या आत माझा धडा संपलेला असतो. हे लिहितानाही दोनदा उठून आले, उगीचच गॅस बंद आहे का ते बघून आले. लासुर्ण्याजवळ वडिलांचं तीन एकर रान आहे. ते गेल्यावर सात-आठ वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही आणि रानाने मनासारखं वाढून घेतलं. वेड्या बाभळी, घाणेरी, आणि उभा माणूस दिसणार नाही एवढं गवत. मला तिथे पेरूची बाग करायची होती. मी आधी नर्सरीत रोपं सांगितली आणि मग रान बघायला गेले! तेव्हा गावातल्या कुणीतरी सोपानतात्यांना पाठवलं. असली माजलेली रानं साफ करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पहिल्या दिवशी तात्या आले ते कोयता आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन. गवतात शिरले आणि काठीने डबा बडवत सगळ्या रानातून फिरून आले. मग बांधावर बसून त्यांनी निवांत भाकरी सोडली. मी घड्याळाकडे बघत उभी.

"तात्या, सुरुवात कधी करायची?"

"झाली की. तुमी शाळा सोडताना घंटा देता का न्हाय? आत ससं हायत, तितरं हायत, मुंगसं हायत. त्येंचं घर हाय हे. आधी सांगायचं, भाकर खाऊस्तोवर थांबायचं, मग कोयता."

कापायची रीतही त्यांची उलटी. बाकीचे कडेने कापत आत जातात. तात्या आधी मधोमध जाण्यापुरती वाट पाडत आणि तिथून बाहेर बाहेर कापत येत. रानाच्या एका कडेला कालवा; ती बाजू शेवटी कापायची, जीवांना तिकडून निसटता यावं म्हणून. कडेने कापत गेलं की आतले जीव आत आत सरकतात आणि शेवटच्या तुकड्यात सगळे सापडतात, असं ते म्हणायचे. संध्याकाळी कोयता बाभळीच्या बुडख्यात रोवून रिकाम्या हाताने घरी जायचे. "उद्या परत यायचं हाय, हे रानालाबी ठावं पायजे," म्हणत हसायचे. मला तेव्हा हे सगळं वेळकाढूपणाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दोन एकर मोकळं झालं. शेवटच्या एकरात डबा वाजवायचं ठरलं त्या सकाळीच वडगाव निंबाळकरहून निरोप आला. नात्यातलं लग्न होतं. परत आल्यावर डबा वाजवू म्हणत तात्या नुसतं गवत सारत बाभळीपर्यंत गेले आणि तिथे कोयता रोवून दोन दिवसांसाठी निघून गेले. त्याच दुपारी नर्सरीवाल्याचा फोन… रोपं परवा पाठवतो. शेजारचे शेतकरी म्हणाले, "बाई, पेटवून द्या की. चारी बाजूनं एकदम लावलं म्हंजे आमच्या उसालाबी भ्या न्हाय." मी हो म्हणाले. तासाभरात एकर काळा झाला आणि मला, आज सांगायला लाज वाटते, फार मोकळं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. राखेतून चालत बाभळीपाशी गेले. कोयत्याची मूठ जळून गेली होती. बुडख्याच्या आडोशाला सशाची दोन पिल्लं होती. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पिल्लं तिच्यात घेतली आणि कालव्याच्या कडेला खड्डा करून पुरली. मी मागे मागे चालत होते. "तात्या, नर्सरीवाल्याचा अचानक फोन…" असं काहीतरी बोलले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दार लावून आग लावली व्हय, बाई?" आणि कोयता न घेताच निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात मी लोहाराकडून कोयत्याला पुन्हा पाणी देऊन घेतलं, सुताराकडून बाभळीची मूठ बसवली. सगळं झटपट. फक्त नेऊन देणं जमलं नाही. दोन वर्षं!

तात्या गेल्यावर संगीताला भेटायला गेले तेव्हा तिच्यापुढे कोयता ठेवला. विचारलं, तात्या माझ्यावर रागावले होते का? ती म्हणाली, "ते मला ठावं न्हाय, बाई. पण दारात गाडी थांबली की इचारायचे, बाई आल्या का?" मला तिथे बसवेना. उठले, तर तिने कोयता माझ्याच हातात दिला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. गवत परत येतंयच की."

आलंच होतं. पेरू लागले, पण मागचा खडकाळ तुकडा तसाच राहिला होता. गेल्या रविवारी तिथे गेले तर गवत माझ्या खांद्याला लागत होतं. शेजाऱ्यांनी लांबून हाक मारली, "पेटवू का?" मी नको म्हणाले. घरून आणलेला तेलाचा डबा काठीने वाजवत गवतातून फिरले. हात भरून आले. मग बांधावर बसले, कोयता शेजारी ठेवला, भाकरी सोडली. पाय सारखा हलत होता, नजर घड्याळाकडे जात होती. कालव्याच्या बाजूने काहीच बाहेर पडेना. गवत तसंच उभं. माझं चुकलं, तात्या, असं मी मोठ्याने म्हटलं, तेही गवतालाच… भाकरी संपत आली होती. उरलेला घास मी आणखी हळू चावू लागले.