भाऊजींच्या प्रबंधाचा विषय

माझे धाकटे दीर नागपूरला एम.ए.ला होते. विषय मानसशास्त्र. शेवटच्या वर्षी एक प्रबंध लिहावा लागतो आणि त्याचा विषय आपला आपण शोधावा लागतो, हे त्यांनीच मला सांगितलं. माझ्याशी असलं काही बोलणारे घरात ते एकटेच. मी चौथी शिकलेली, आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

उन्हाळ्यात ते अहेरीजवळच्या आमच्या गावी आले, ते विषय मनात धरूनच. जंगलातले मजूर कामावर गैरहजर का राहतात. ठेकेदाराच्या माणसाकडून त्यांनी हजेरीपट पाहायला आणला. प्रश्नांचे छापील कागद सोबत होतेच. बायका त्यांना उत्तरं देईनात, म्हणून मला नेऊ लागले. ते विचारायचे, मी लिहायची. माझं अक्षर बरं होतं.

एका बाईनं प्रश्न ऐकून नुसतं जमिनीकडे पाहिलं. मी "हो" लिहायला गेले, तर ते म्हणाले, "नाई वहिनी, तिथी रेघ मारा. जो बोलला नाई त्याचं उत्तर आपण बनवाचं नाई. गप्प राह्यला म्हणजे त्याले सांगाचं नाई. आपण उठाचं."

मी रेघ मारली. आमच्याकडे बाई गप्प राहिली म्हणजे तो तिचा होकार असतो. माझं लग्न तसंच ठरलं होतं. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण राहून गेलं.

आमचे हे सागाची झाडं पाडायच्या कामावर होते. लांब पात्याचा आरा, दोन टोकांना दोन मुठी. एकट्यानं चालत नाही. यांचा जोडीदार जंगलातल्या गावचा गोंड होता. माझ्या लग्नाआधीपासून दोघं एकाच आऱ्यावर.

हजेरीपटात भाऊजींना दिसलं की जोडीदार ज्या ज्या दिवशी नाही, त्या त्या दिवशी हेही नाहीत. संध्याकाळी जोडीदार अंगणात बसला होता. भाऊजींनी विचारलं, "दादा, ताप याले आला, आन घरी तुम्ही बसले. हे काऊन?"

यांनी काही म्हणायच्या आत जोडीदार हसला. "भाऊ, आरा ओढाचा असते, ढकलाचा नसते. मी ओढतो तवा तुह्या दादानं हात ढिला सोडाचा. तो ओढते तवा मी. नव्या माणसासंग हे जमत नाई."

"मंग शिकाचं नव्या संग."

"जुन्याले सोडून नव्यासंग? तुले तं अजून पयली बायकोबी भेटली नाई, तुले काय समजन!"

सगळे हसले. भाऊजीही हसले, आणि हसत हसतच कागदावर काहीतरी लिहिलं. जोडीदार गेल्यावर यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. यांना वाचता येत नव्हतं. "का लिवलं माह्याबद्दल?"

मी वाचलं, "कारण: सबब."

यांनी कागद मागे घेतला. मग नीट घडी करून जागेवर ठेवून आले. धाकट्याला शिकवायचं म्हणून यांनी जन्मभर आरा ओढला होता.

पुढच्याच आठवड्यात जोडीदाराला पुन्हा हिवताप आला. सकाळी यांनी शिदोरी मागितली. मी म्हटलं, "आज तं ते नाई येत ना?"

"धाकट्याच्या बुकात माह्या नावावर सबब नको," म्हणाले, आणि हसले.

नव्या माणसासोबत त्यांनी आरा लावला. झाड वेळेआधीच फिरलं. जुनी जोडी असती तर न बोलता दोघं एकदम मागे सरली असती, असं तिथले लोक सांगतात. नवा माणूस ओरडला, पण उशिरा. बैलगाडी अहेरीच्या दवाखान्यापर्यंत पोचली, हे पोचले नाहीत.

तेराव्या दिवशी जोडीदार आरा घेऊन आला. अंगणात बसून त्यानं यांच्या बाजूची मूठ ठोकून ठोकून काढली आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवली. एका मुठीचा आरा घेऊन तो गेला. पुन्हा झाडं पाडायला कधी गेला नाही, गुरं राखू लागला.

दिवाळीला भाऊजी आले. फार वाळले होते. मी चुलीपाशी होते, ते दारात उभे राहिले.

"वहिनी, तो जुना विषय म्या सोडला. माणूस एकटा कामावर येत नाई, जोडीनं येते, त्यावर लिहावं म्हणतो. दादा आन त्याच्या जोडीदारावर. सरांलेबी पटलं हाये. पण तुमच्या मनात नसन तं एक अक्षर नाई लिहिणार. लिहू काय?"

मला किती हवं होतं ते! यांच्या नावापुढची ती सबब पुसली गेली असती. पण बोलायची सवय नव्हती. मी पदर ओढून खाली पाहत राहिले. माझ्या मते मी हो म्हटलं होतं.

ते दारातून मागे सरले. मग म्हणाले, "समजलं वहिनी," आणि निघून गेले.

दुसऱ्या वर्षी ते बांधलेला प्रबंध घेऊन आले. नागपूरच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या थकव्यावर होता. पहिल्या पानावर यांचं नाव होतं, "माझ्या दादास" म्हणून. मी बोट ठेवून सगळी पानं पाहिली. कुठेच आरा नव्हता.

"तुम्हाले नको होतं," भाऊजी म्हणाले. "म्हणून म्या त्यातलं काईच घेतलं नाई."

त्यांचे डोळे भरले होते. एवढं जपलं होतं त्यांनी मला. मी तेव्हाही खालीच पाहत राहिले.