मिक्सरचं नवं फर्मवेअर आणि आत्याबाईंची पट्टी

राजुरीत आमची गाण्याची पार्टी होती. जयंतीचे, लग्नाचे, विहाराच्या उद्घाटनाचे कार्यक्रम आम्ही करायचो. हे पेटी वाजवायचे आणि साउंडही सांभाळायचे. मी कोरसमध्ये होते. मुख्य गायिका म्हणजे ह्यांच्या आत्या. जुन्नर-आंबेगावात लोक आम्हाला त्यांच्या आवाजावरूनच ओळखायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी ह्यांनी पुण्यातल्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून जुना डिजिटल मिक्सर आणला. त्यात प्रत्येकाच्या आवाजाची सेटिंग साठवता यायची. आत्याबाई माइकपाशी आल्या की एक बटण दाबायचं. आवाज, एको, सगळं जागेवर. काही वर्षं तो बरा चालला. मग सेटिंग बदलताना मध्येच मुका व्हायला लागला. मंचरच्या एका लग्नात आत्याबाई ऐन अंतऱ्यात असताना स्पीकर बंद पडले. त्या तशाच, माइकशिवाय, शेवटपर्यंत गायल्या आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "ह्याचं कायतरी बघा."

पुण्यातला मेकॅनिक फोनवर म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला फर्मवेअर म्हणतात. नवीन निघालंय, कॉम्प्युटरवरून चढवा. फक्त चढवताना लाइट जाऊ देऊ नका, नाहीतर मिक्सर कायमचा बसेल.

आमच्याकडे तेव्हा लाइट कधी जाईल याचा भरवसाच नसायचा. खोडदला तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला असलेले एक गृहस्थ राहायचे, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते आमच्या कार्यक्रमांना हौसेने यायचे. त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता आणि यूपीएसही. मी जुन्नरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सायबर कॅफेतून फाइल सीडीवर उतरवून आणली. सोबतच्या सूचनांत लिहिलं होतं, साठवलेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातील.

"मग ऱ्हाऊ दे," हे लगेच म्हणाले. मला वाटलं, पुन्हा सगळं लावायचा कंटाळा आला असेल.

आत्याबाई म्हणाल्या, "मीबी येते खोडदला. तिथंच माझा आवाज लावून घ्या."

गोधडीत गुंडाळून मिक्सर जीपमध्ये ठेवला आणि आम्ही तिघं निघालो. भाऊंनी मिक्सर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसला जोडले. मी काम सुरू केलं. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर गेली आणि पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करू लागला. भाऊंनी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला. तेवढीच बॅटरी वाचेल म्हणून असावं. पट्टी भरली, मिक्सर बंद होऊन परत सुरू झाला. थोड्या वेळाने लाइटही आली.

मग माइक जोडला. आत्याबाईंनी हेडफोन कानाला लावला, एक मुखडा घेतला, वरच्या सुरावर गेल्या आणि थांबल्या.

"ह्यो माझा आवाज हाय?"

"आत्या, अजून कायबी लावलं न्हाई. कोरा आवाज हाय," हे म्हणाले.

"मंग एरवी काय लावत व्हतास?"

ह्यांनी मान खाली घातली. "थोडा एको. वर चढतानी आवाज जरा पुढं ढकलायचो."

"कवापासनं?"

"दोन-तीन वर्सं झाली. तुला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई."

मी रोज त्यांच्या मागे उभी राहून गायचे, पण मलाही ते कळलं नव्हतं. हे थोडंथोडं वाढवत गेले असणार. आत्याबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. भाऊंच्या बायकोने चहा आणला, तो त्या सावकाश प्यायल्या. मग हेडफोन परत लावला आणि तोच मुखडा खाली घेऊन गायल्या. पटला नाही. आणखी खाली घेतला. या वेळी वरच्या सुरावर आवाज चिरला नाही.

"ही कुठली पट्टी?"

ह्यांनी गुणगुणून अंदाज घेतला. "काळी तीन असंल." आत्याबाई आयुष्यभर त्याहून वरच्या काळी पाचमध्ये गायल्या होत्या.

"हितनं पुढं हीच. आन मला इचारल्याबिगर काय लावायचं न्हाई."

घरी आल्यावर त्रास झाला तो आम्हा कोरसवाल्यांना. त्या पट्टीत आमचे खालचे सूर लागेनात, सगळी गाणी नव्याने बसवावी लागली. ह्यांची बोटंही जुन्याच पट्ट्यांवर जायची. घोडेगावच्या कार्यक्रमात पहिल्यांदा तसं गायलो. नंतर एक म्हातारे गृहस्थ स्टेजपाशी आले. "बाई, गाणं खाली घेतलं का?"

"घेतलं. वय झालं आता," आत्याबाई म्हणाल्या.

"बरं लागतंय कानाला," ते म्हणाले आणि चपला शोधत गेले.

मिक्सर पुन्हा कधी मध्येच मुका झाला नाही. आत्याबाई त्यानंतर आणखी काही वर्षं गायल्या. कार्यक्रमाच्या आधी त्या ह्यांच्याजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि हे त्यांना एकेक बटण दाखवत काय लावलंय ते सांगायचे. कधी त्या म्हणायच्या, "आज घसा बसलाय, घाल थोडा एको." मग हे घालायचे.