आईचं पोट धुतलं तेव्हा

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही सातपाटीला राहायचो. वडील आधीच गेलेले. घरात आई आणि मी. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. त्या थंडीत आधी तिचे पाय सुजले, मग तोंड. बाजारात बसल्या बसल्या तिला गुंगी येऊ लागली. पालघरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं.

तिथे पोहोचेपर्यंत आई मला ओळखेनाशी झाली होती. उचकी थांबत नव्हती. तिथले डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं काम करत नाहीत. घाण रक्तातच साचलीय. पोटावाटे काढून बघू."

बेंबीखाली भोक पाडून त्यांनी नळी घातली. वर टांगलेल्या बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग खालच्या बाटलीत उतरवायचं. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी आईने डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"केस का नाय गो विंचरलंस?"

मला रडूच फुटलं.

घरी आल्यावर तीन आठवडे ती बरी होती. ओट्यावर बसून शेजारणींशी भांडलीसुद्धा. मग पुन्हा उचकी लागली. मी तिला घेऊन परत त्याच डॉक्टरांकडे गेले.

"परत पोट धुवा ना, साहेब."

ते माझ्या शेजारी बाकावर बसले. "ज्यांची मूत्रपिंडं पुन्हा चालू होणार असतात, त्यांना यानं वेळ मिळतो. तुमच्या आईची सुकून गेलीत. धुतलं तरी पुन्हा साचणार."

"मग पुन्हा धुवा."

"जन्मभर असं धुत राहायची सोय आपल्याकडे नाही, बाई."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पण हो म्हटलं नाही. कितीतरी वर्षं मी त्या माणसाचा राग केला. तो खरं बोलत होता, हे कळूनही राग गेला नाही.

घरी आईने विचारलं, "या वक्ताला नळी नाय घातली?"

"गरज नाय, म्हणाले."

"बरं झालं. लय दुकतं ते." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. तिला कळलं होतं का, ते मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. शेजारणी म्हणाल्या, तीन आठवडे तरी लाभली तुला. मला मात्र वाटायचं, तीन आठवड्यांपूर्वीच गेली असती, तर मला आशा तरी लागली नसती.