शेडबाईंच्या लाल कोंबड्या

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे शेडबाई म्हणायचे. सूत रंगवणारा कारखाना तो. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंगवलेलं सूत जुळतंय की नाही, एवढंच सांगायचं काम तिने एकतीस वर्षं केलं. ती "हो" म्हणाली तर माल बाहेर, नाहीतर पुन्हा हौदात. मॅनेजरसुद्धा तिच्याशी हुज्जत घालत नसत.

निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं. मग आतोबांनी एक दिवस मागच्या अंगणात तीन लाल कोंबड्या आणून सोडल्या. "अंडी तरी मिळतील, आणि माझ्या शर्टांचे रंग तपासणं थांबवशील," ते म्हणाले.

आत्या दारातच थबकली. "अहो, या तिन्ही वेगळ्या शेडच्या आहेत!"

विकणाऱ्याला विचारलं तर तो हसला. "बाई, लाल म्हणजे लाल."

हे तिला फार झोंबलं. दर सोमवारी डबा घेऊन ती बसने कुठल्या ना कुठल्या कोंबडीपालकाकडे जायला लागली. गळून पडलेली पिसं आणून जुन्या शेडकार्डांवर चिकटवायची आणि खाली बारीक अक्षरात जात लिहायची. न्यू हॅम्पशायर घासलेल्या तांब्यासारखी उजळ. अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित कोंबड्या वरून लाल, पण पिसांत फुंकर मारली की आतली लव पांढरी. आणि अस्सल ऱ्होड आयलंड रेड इतकी गडद की सावलीत काळीच वाटावी. तिची पिसं बाजूला सारली तर रंग थेट कातडीपर्यंत. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आत्या मला म्हणाली, "गाभ्यापर्यंत असा रंग पोचलेलं सूत मी उभ्या जन्मात दोनदा पाहिलंय गं."

पाचव्या वर्षी आम्ही दोघी पक्षीपालकांच्या प्रदर्शनाला गेलो. ट्यूबलाइट लावलेल्या मोठ्या हॉलमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. लाल कोंबड्यांत पहिला आला होता एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचा कोंबडा. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना.

"जरा खिडकीपाशी आणता का याला?" तिने विचारलं.

घड्याळवाले कुरकुरत उठले. खिडकीतल्या उजेडात कोंबड्याचे पंख चक्क जांभळट दिसायला लागले. आत्याने रुमालाचं टोक ओलं करून एका पिसावरून फिरवलं. रुमाल गुलाबी झाला.

घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला. "पंचांना सांगणार तुम्ही?"

"पंचांचं नंतर बघू. रंगाने याच्या अंगाची आग होतेय, बघा कसा स्वतःलाच टोचतोय. घरी नेऊन आधी कोमट पाण्याने धुवा."

त्यांनी कोंबड्याला छातीशी धरलं. मग स्वतःच पंचांच्या टेबलाशी गेले, काहीतरी बोलले आणि बक्षिसाची फीत काढून ठेवली.

पंधरा दिवसांनी ते कोंबडा काखेत घेऊन आत्याच्या दारात हजर. बायकोच्या आजारपणात त्यांचं कोंबड्याकडे लक्षच राहिलं नव्हतं. तो उन्हाळाभर गच्चीवर तापला आणि पंख पार विटले. बायको गेल्यावर घरात तोच एक सोबतीला उरला. त्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनी रंग लावला होता.

आत्याने त्याची पिसं सारली. आत रंग कातडीपर्यंत गडद लाल. "अहो, इतका अस्सल पक्षी, आणि रंग कशाला फासलात?" ती जवळजवळ ओरडलीच. "जुनी पिसं झडू देत. नवी येईपर्यंत याला सावलीत ठेवायचं, बस्स!"

आतोबांनी सावलीतलं खुराडं स्वतःच्या हाताने बांधलं. हिवाळ्यापर्यंत कोंबडा असा काही भरून आला की घड्याळवाले रोज दुकान बंद केलं की त्याला बघायला यायचे आणि चहा घेऊनच जायचे. आत्यानेही एव्हाना अस्सल जातीच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या होत्या; त्यांच्याबरोबर त्याची पिल्लंही झाली. पुढच्या प्रदर्शनात त्याचा दुसरा नंबर आला. आत्याची तलंग तिसरी. तिचा तुरा एका बाजूला कलला होता, त्याला आत्या तरी काय करणार!

पुढे लाल कोंबड्यांसाठी पंच म्हणून तिलाच बोलवायला लागले. तिची पहिली अट असे, टेबल खिडकीला लावा.

सत्तरीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने सगळी कार्डं मागवली आणि एकेक बघत कपाळाला हात लावला. "अगं, चार वर्षं मी सगळं पिवळट बघत होते!" दोन आठवडे बसून तिने चुकलेल्या नोंदी खोडल्या. शेवटी तिला आठवलं, त्या चार वर्षांत तिघांच्या कोंबड्या तिने रंगावरून मागे टाकल्या होत्या. त्यांची पिसंही कार्डांवर होती, आणि आता बघितलं तर रंग अगदी बरोबर होता. तिने तिघांनाही स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. तुमची कोंबडी चांगली होती, माझं चुकलं. मी पत्रं पेटीत टाकून आले, तेव्हा ती अंगणात एका पिल्लाची पिसं उजेडात धरून बघत होती.